‘आ कर’ नावाचं चित्र

हॅलो?… हं, ताई, मीच… हो, ऐकू येतंय… नाही, दालनात नाही, मागच्या खोलीत आलेय. खोकी आणि गुंडाळायचं प्लास्टिक आहे नुसतं… अगं एकटीच आहे. बोल.

पाहिलास ना फोटो चित्राचा?… मग?

…

हो. तूच आहेस.

… दुसरी कशी असेल? चष्म्याची काडी चिकटपट्टीने जोडणारी दुसरी कोण आहे आपल्याकडे?… बरं बाई, पट्टी पुसते. मग तर म्हणशील हो?

… अगं ऐक ना. ऐकून तर घे… लोकांना कळतसुद्धा नाहीये. सकाळपासून तिघांनी विचारलं, ही गुहा आहे का म्हणून. एका गृहस्थांना वाटलं, दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यात लावायला काढून घेतलंय… हसलीस. नाही, हसलीस तू, मी ऐकलं.

… हो, तोंडाच्या आतूनच काढलंय. कडेने दात, खाली जीभ, आणि मधल्या फटीतून तू. मोबाइलचा टॉर्च घेऊन. गोळी गिळली की नाही बघतेस, तशी… कारण मला तिथूनच दिसतेस तू, रोज जेवणं झाली की. तुला जे दिसतं ते तू काढ, मी कुठे अडवलंय.

… नाव ‘आ कर’. दुसरं काय देणार? ‘सूर्योदय’?

… हो, तुझ्या शाळेतल्या शिक्षिका येणार आहेत, माहीत आहे मला. तूच बोलावलंस त्यांना. ‘आमची धाकटी चित्रं काढते’ म्हणून… फुलं-पानं असतील असं वाटलं ना तुला?

… कोण म्हणेल असं?… मग म्हणू देत, मुख्याध्यापिका घरी बहिणीच्या तोंडात टॉर्च मारते. तू काही चोरी करत नाहीस… डॉक्टरांनीच सांगितलं होतं सुरुवातीला, हो. बंद कर असं कोणी सांगितलं नाही, तेही खरं.

… नाही, उतरवलं नाही अजून. पण तू हो म्हटल्याशिवाय ठेवत नाहीत. मनाचे आजार असलेल्यांचं प्रदर्शन ना हे, नियमच आहे तसा. चित्र आमचं, होकार पालकांचा… मीही तेच म्हटलं, त्रेचाळीसची घोडी मी, पालक कसला आता. पण नियम म्हणजे नियम.

आमचा बसवाला नाही का… अगं तोच, नुसत्या बसच काढतो आणि चित्राखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तिकिटं देतो. त्याच्या आईने केव्हाच हो म्हणून टाकलं. तिला काय, ती बसमध्ये नाहीये.

… दुसरं नको, ताई. हेच. बाकीची मी हात बसावा म्हणून काढली. हे जमलंय. आयुष्यात एक गोष्ट धड जमलीय मला, आणि ती तुझ्या होकारावर टांगलीय.

… वाईट कुठे दाखवलंय तुला? नीट बघ ना डोळे. झोपेला आलेत ते. दिवसभर शाळा, मग स्वयंपाक, मग मी. सगळं आहे त्यात. सगळ्यात जास्त दिवस डोळ्यांवरच गेले माझे… संयोजक बाई म्हणाल्या, काढणाऱ्याची फार माया आहे या बाईंवर… खरंच म्हणाल्या, तुझी शपथ.

… रडतेस का?… बरं, सर्दी. सर्दी तर सर्दी.

काय?… त्यांच्याशी? तू बोलतेस संयोजक बाईंशी?… थांब हं, ठेवू नकोस. नेते फोन, दालनातच आहेत त्या… एक मिनिट… बाई, आमच्या ताईचा फोन आहे. घ्या ना.

…

…

हं, दिला त्यांनी परत… ताई, हो म्हणालीस तू. राहणार चित्र. त्याच भिंतीवर राहणार… किती गुणाची आहेस गं. मला वाटलंच नव्हतं, खरं सांगते…

पण एवढं काय सांगत होतीस? त्या आपल्या ‘हो, हो, समजू शकते मी’ एवढंच म्हणत होत्या. आणि आता माझ्याशी एकदम हळू आवाजात बोलतायत. खांद्यावर हात काय ठेवला. सकाळी तर ‘ए, हातोडी दे इकडे’ म्हणत होत्या.

… काहीतरी लिहितायत. चित्राखालचं कार्ड नवीन करतायत वाटतं… तू सांगितलंस? काय?… थांब, वाचते. ‘आ कर. कॅनव्हासवर तैलरंग.’ हं. आणि पुढे… ‘हे दृश्य प्रत्यक्षातलं नाही. आजाराच्या काळात चित्रकर्तीला झालेल्या… भासातून…’

ताई.

… भास?

… काल जेवणानंतर कोण होतं मग? परवा कोण होतं? जीभ वर कर, आता डावीकडे, असं कोण म्हणालं?… ‘असू दे’ काय, असू दे.

… नाही, ओरडत नाहीये. बाई, मी ओरडत नाहीये हो. हे खरं आहे, हे रोज… नको, पाणी नको मला… बघ, खुर्ची आणली त्यांनी. मी जितकं सांगतेय तितकी जास्त मान हलवतायत. आजारी माणसापुढे हलवतात ना, तशी.

… हो, झालेत मला भास. पूर्वी झालेत. ते कसे असतात ते तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. भासाच्या चष्म्याला चिकटपट्टी नसते गं.

… राग आलाय मला. साधा राग, ताई. सगळ्यांना येतो तसला… नाही, डॉक्टरांना फोन करू नकोस. नको ना. ऐक, आवाज खाली केलाय मी. बघ, केला.

… मग काय, उतरवा म्हणून सांगू त्यांना?…

… हो, तेही खरंच. उतरवलं तर कोणालाच दिसणार नाही. ठेवलं तर सगळ्यांना दिसेल, पण खोटं म्हणून… धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. छान अडकवलंस मला.

… मुद्दाम केलंस असं कुठे म्हणतेय मी? शाळेत तोंड दाखवायचंय तुला, कळतं मला. माझं सगळं तूच केलंस, तेही कळतं. म्हणून तर तुला काढलं. दुसऱ्या कोणाला कशाला काढू?

…

येतेस? आता येतेस तू?… शिक्षिकांना घेऊन… हं. आता काय, आता यायला हरकत नाही.

… दारातून आत आलं की उजवीकडे. मोठ्या भिंतीवर… हो, असेन ना मी. चित्राशेजारीच उभं करतात आम्हाला.

… त्यांनी विचारलं तर?

…

सांगेन.

… हो. भास होता म्हणून… हो गं, हसून सांगेन.

ठेवते आता. कार्ड वाकडं लागतंय, बाई धरायला बोलावतायत मला.