आपली विश्वासु

हॅलो?… हो, बोल. मधली सुट्टीच आहे… थांब, इथे गोंगाटात काही ऐकू येत नाहीये. अहो भूगोलाच्या बाई, माझा डबा झाकून ठेवाल का जरा? नवऱ्याचा फोन आहे… हं. आले जिन्याखाली. बोल आता.

मुलं बरी आहेत. मोठीचा दात पडलाय. पेन्सिलीच्या डबीत घालून आणलाय आणि पहिलीच्या अख्ख्या वर्गाला दाखवत फिरतेय… धाकट्याला पाळणाघरात सोडलं. रडला, हो. तुझी बदली झाल्यापासून रोजच रडतो… अरे, तुला बोल नाही लावत, रडतो म्हणून सांगितलं… तुझ्या आई कशा आहेत?… अच्छा. दोन्ही वेळा गरम जेवण. छान. तुझी आबाळ व्हायला नको म्हणूनच गेल्या ना त्या तुझ्याबरोबर, मग नको व्हायला.

टोमणा नाहीये… बरं, आहे टोमणा. तो राहू दे बाजूला. अरे ऐक ना, माझी दहावी काढून घेतली.

दहावी. माझा वर्ग… आज. मोठ्या बाईंनी पहिल्याच तासाला बोलावलं. सोमवारपासून पाचवी घ्या म्हणाल्या, तिथे ताण कमी असतो. आणि दहावीची भाषा कुणाकडे, सांग?… चित्रकलेच्या सरांकडे… हो, तेच, फळ्यावर 'वृक्ष'चा 'व्रुक्ष' करणारे. त्यांची कधीकाळची पदवी आहे म्हणे भाषेत. आणि त्यांच्या घरी चार वर्षांची जुळी आहेत. विचारलं कुणी त्यांना, सर, तुमच्या मुलांचं काय? सर, तुम्हाला झेपेल का? एका शब्दाने नाही.

शांतच आहे मी… नाही, शांत नाहीये. का असेन? आठवीपासून सांभाळलीत ती पोरं मी. ती पहिल्या बाकावरची अडखळत बोलणारी मुलगी, तुला सांगितलं होतं बघ… तीच. परवा उभी राहून पान भरून धडा वाचला तिने. मध्ये चारदा थांबली, पण खाली नाही बसली. दुसऱ्या कुणाच्या तासाला ती 'हजर' सुद्धा म्हणत नाही. आता परीक्षेला पाच महिने राहिले असताना तिला सांगू, की बाई चालल्या पाचवीला?

का म्हणजे? तेच तर सांगतेय. म्हणे मीच अर्ज केलाय.

मी… हो, मी. विनंती अर्ज. माझ्या नावाने, माझ्या मेलवरून, बुधवारी सकाळी अकरा दहाला. अकरा दहाला मी दहावीवरच होते, हातात खडू होता माझ्या… मग म्हटलं ना मोठ्या बाईंना, मी नाही पाठवला. तर त्या हसल्या. इतक्या मायेने हसल्या की खुर्ची सोडून उठावंसं वाटलं. म्हणाल्या, अहो, विसरलात तुम्ही. दोन लहान मुलं, नवरा परगावी, होतं असं. आणि पुढे काय म्हणाल्या, ऐकतोयस ना? म्हणाल्या, भाषेच्या शिक्षिकेच्या अर्जात अशुद्धलेखन, यावरूनच कळतं तुमचं लक्ष ठिकाणावर नाही.

चौदा वर्षं, चौदा वर्षं मी मुलांचा अर्धा-अर्धा गुण कापतेय ऱ्हस्व-दीर्घासाठी. आणि माझ्या नावावर हे.

नाही, जाऊ दे कसं? 'जाऊ दे' काय?… बरंच झालं?… कुणाचं बरं झालं?… हो, आराम मिळेल. धाकटा रात्री चारदा उठतो तो पाचवी मिळाली की झोपणार आहे का शहाण्यासारखा?… हे बघ, परवा एका पोराच्या वहीवर त्याने खडूने रेघोट्या मारल्या, तर मी खाली लिहून दिलं, 'चित्र माझ्या मुलाचे, क्षमस्व.' पोरगा खूश, त्याची आई खूश. चाललंय माझं. धावपळ होते, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आलेय एकदा, पण चाललंय.

मला तर कार्यालयातल्या बाबूंचाच संशय येतोय. मागे त्यांच्या संगणकावर मेल उघडा राहिला होता माझा… नाही, त्यांना काय मिळणार, ते खरंय. थांब, छापील प्रत आणलीय मी. वाचते. 'मा. मुख्याध्यापिका. विषय, काम कमी करणेबाबत. महोदया, सदर अर्जाद्वारे विनंती की, माझी मुले लहान असून घरची अत्यंत ओढाताण होत आहे.' ओढाताण. 'सबब, मी दहावीच्या वर्गाला न्याय देऊ शकत नाही.' ऐकलंस? न्याय देऊ शकत नाही. हे मी लिहीन? 'तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. आपली विश्वासु.' सु बघ, ऱ्हस्व. शेवटचा उकार दीर्घ असतो हे पाचवीतलं पोर सांगेल. इतक्या थाटात सदर आणि सबब लिहायचं, आणि विश्वासूला मात्र…

…

हॅलो? आहेस ना?



लग्नाआधी तू मला पत्रं पाठवायचास. प्रत्येकाच्या खाली 'तुझा विश्वासु'. मी लाल पेनाने सु दुरुस्त करून परत पाठवायचे, आणि तू पुढच्या पत्रात पुन्हा तेच लिहायचास… हसू नकोस. हसू नकोस हं आत्ता. हा मेल तूच उघडून दिला होतास ना मला, नोकरी लागली तेव्हा? पासवर्ड दोघांनाच माहीत आहे. मी पाठवला नाही.

बोल.

…

हं.

हं… आईंना विचारलंस. त्यांना विचारलंस, मला नाही… चांगल्यासाठी, हो. माझ्याच चांगल्यासाठी… मंगळवारी मी फोनवर रडले, खरंय. रडले. म्हणून तू अर्ज केलास? अरे, मी दहावीसाठी नव्हते रडत. तू ये म्हणून रडत होते. पंधरा दिवसांतून एक रविवार तरी ये, म्हणत होते. ते ऐकू आलं नाही तुला. तुला ऐकू आलं, हिचा वर्ग कमी करा.

नाही, तुम्ही बोलू नका आता… हो, 'तुम्ही'च म्हणतेय. ज्या माणसाने माझ्या नावाने मी नालायक आहे असं लिहून दिलं, त्याला अरे-तुरे करण्याइतकी ओळख नाही माझी… शब्द वेगळे असतील, अर्थ तोच आहे. अर्थ शिकवते मी.

माफी नंतर. तीन वाजता वेळापत्रक फळ्यावर लागतंय. त्याआधी मोठ्या बाईंना फोन करायचा… तुम्ही. मी नाही. मी सांगितलं तर त्या पुन्हा मायेने हसतील. तुम्ही सांगायचं, अर्ज मी केला, बायकोला न विचारता, तिच्या नावाने. एवढंच. त्यात 'काळजीपोटी' घालायचं नाही… लाज वाटेल, वाटू दे. मला सकाळी सगळी वाटून झालीय… बैठक आहे? मग बैठकीतून उठा. मी धाकट्याच्या तापासाठी तास सोडून किती वेळा उठलेय, मोजलंत कधी?

आणि फोन झाला की एक अर्ज लिहायचा. तुमच्या साहेबांना… हो, तुम्हीच. विषय, परत बदलीबाबत. नाहीतर काम कमी करणेबाबत, तुम्हाला जे मिळेल ते… का? मुलं माझी एकटीची आहेत का?… साहेब काय म्हणतील? काय म्हणतील?… बढती अडकेल. अच्छा. म्हणजे हे माहीत होतं तुम्हाला. असा अर्ज केला की माणसाचं काय होतं, ते चांगलं माहीत होतं.

…

नाही, रडत नाहीये मी. आज नाही.

घंटा झाली. आता दहावीवरच तास आहे माझा, आणि मी जातेय. चित्रकलेचे सर आले तर त्यांना मागच्या बाकावर बसवीन… काय?… मोठ्याने बोला, पोरं जिन्यावरून उतरतायत… कारण? साहेबांच्या अर्जात कारण काय लिहू, हे मला विचारताय?

माझ्या अर्जात तर एका दमात सुचलं होतं सगळं. तेच लिहा. ठेवते.