मुंगी चावेल

तुळिंजच्या हॉस्पिटलबाहेर रिक्षाच्या रांगेत मंदाबाई दंड चोळत उभ्या होत्या. मागे दोन तरुण नर्स बोलत होत्या आणि मंदाबाईंचे कान तिकडेच लागले होते.

"ज्ञानदा, आपलं पहिलंवहिलं संशोधन तू पाण्यात घातलंस."

"मी काय केलं गं, विनिता?"

"सुई टोचताना अर्ध्या बायकांना 'मुंगी चावेल' म्हणायचं, बाकीच्यांना काहीच नाही. मग कुणाला किती दुखलं ते विचारायचं. एवढंच तर होतं."

"त्या बाकीच्यांपाशी मी गप्पच होते. शप्पथ."

"मग सगळ्याच बायका 'मुंगीएवढंच दुखलं' कशा म्हणाल्या?"

"खिडकीजवळच्या त्या आजी. मी सुई घेऊन निघाले की माझ्याआधी वॉर्डभर सांगायच्या, घाबरू नका, मुंगी आहे नुसती."

"आता मॅडमना काय सांगायचं?"

"मुंगी संसर्गजन्य असते."

"हसू नकोस. सगळं पुन्हा करावं लागणार. या खेपेला त्या आजी घरी जाईपर्यंत थांबू."

"गेल्या की घरी कालच, माझ्या शेजारच्याच खाटेवर होत्या," मंदाबाई मागे वळून म्हणाल्या. "आणि आता लिहूनच घ्या पोरींनो. मुंगी कसली, विंचू होता तो."