भुंग्याचा मागचा पाय

तुमाले सांगते, एका पायासाठी माझा जीव कसा टांगणीला लागला होता ते. मी म्युझियमात किड्यांच्या संग्रहात काम करते न, तिथं आमच्या सरांनी जंगलातून एक भुंगा आणला होता. बहुतेक नवीनच जात, अन् नमुना एकच. मागच्या पायावरच्या काट्यांवरूनच ती जात वेगळी ठरणार होती. मी त्याले दुसऱ्या डब्यात ठेवून राहिली होती, अन् नेमका तोच पाय तुटून खाली पडला. शोधाले भिंग आणाले गेली, परत आली, तर फरशी चकाचक! सफाईवाली फुलमती दीदी झाडून गेली होती.

मी पळतच तिले गाठलं. "दीदी, कचरा फेंक दिया क्या?"

"हव, फेंक दिया."

"उसमें एक कीड़े की टांग थी, दीदी!"

"टांग तो अलग रख दी. उस कमरे का मैं कुछ नहीं फेंकती." तिनं कागदाची पुडी उघडली. "तीन मिली हैं. तुम्हारी कौन-सी है?"

दोन झुरळाचे होते. तिसरा आमचाच, काट्यांसकट! मी तिले मिठीच मारली.

पण सरांना सांगणं भाग होतं. मी रडतच म्हटलं, "सर, मागचा पाय तुटला. पण सापडला."

सरांनी पायावर भिंग धरलं, काटे मोजले अन् खुर्चीत टेकले. "सगळे शाबूत आहेत. मग काहून रडून राहिली? माझ्या हातून एकदा फुलपाखराचं डोकं पडलं होतं. ते मी अजून शोधून राहिलो."