अक्काला बसवलं

चहा नको म्हणलं ना, पास्टर. पाणी बी नको. मी भांडायला आलोय, चहा पिऊन भांडता येत न्हाई — अन् असं मायेनं बघू बी नका माझ्याकडं. वळखलं ना? सुकन्याचा भाऊ, श्रीशैल. शिरूर अनंतपाळहून आलो, गाडीवर. वळखणारच, नाक तिचंच हाय म्हणतात सगळे. बारा दिवस झाले तिला जाऊन. डेंगू. चार दिवसांत धडधाकट पोरगी गेली — अन् तुम्ही मयतीला आले तर मीच तुमची कॉलर धरून गेटाबाहेर काढलं. त्याची माफी मागायला आलो, असं वाटलं का तुम्हाला? तसलं काही न्हाई. माफीबिफी न्हाई.

तिची घबराट तुम्ही शेवटी शेवटी पाह्यली. मी पहिल्यापासून पाह्यली. डॉक्टर करायचं म्हणून अप्पांनी लातूरला क्लासला टाकलं तिला. दोनदा परीक्षा दिली, दोनदा हुकली, अन् घरी आली ती छातीवर हात धरूनच. आडवी पडली की म्हणायची, शैलू, छातीवर कोणीतरी चढून बसलंय. मग उठायची. मग बसून राहायची, भिंतीला टेकून. भिंत टोचते म्हणायची, म्हणून मी तिच्या पाठीला पाठ लावून बसायचो — नववी नापास माणूस, आपल्याला दुसरं काय येतंय? पाठ हाय, पाठ दिली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, आमच्या आईनं, अव्वानं लिंबू उतरवलं, मठातल्या अय्यांनी इभूत लावली. गोळीनं डोळा लागायचा, पण बसल्या बसल्याच. दीड वर्ष, पास्टर. दीड वर्ष ती पोरगी पाठ टेकून झोपली न्हाई.

मग ती शिल्पा, नायगावची, क्लासातली मैत्रीण — ती घेऊन आली तुमच्याकडं. शनिवारच्या प्रार्थनेला. मी बाहेर गाडीवर बसून राह्यलो, म्हणलं आता हे केस धरून हलवतील, भूत काढतील, अन् मग मी आत घुसून एकेकाला काढतो. काहीच न्हाई! गाणी म्हणली, बाहेर आली. मी विचारलं, काय केलं? म्हणली, पास्टर म्हणले गोळ्या चालू ठेव, अन् ज्याचं भ्या वाटतं त्ये येशूला मोठ्यानं सांग, लाजू नको. बस? एवढंच? एवढ्यासाठी शिरूरहून पेट्रोल जाळलं? — अन् घरी आली, जेवली, सतरंजी टाकली, अन् पाठीवर पडली. सरळ. हातपाय पसरून, भर दुपारी. अव्वानं दोनदा नाकाखाली बोट धरून पाह्यलं, पोरगी हाय का गेली. दिवस मावळायला उठली तर गालावर सतरंजीचे वळ, अन् हसून राहिली. म्हणली, मी त्याला सांगितलं, तू जागा राहा, मी पडते जरा. असं — अरे-तुरे, देवाला! गळ्यातलं लिंग काढलं न्हाई तिनं, अप्पांसाठी. अप्पा बी काही बोलले न्हाईत. झोपते ना पोरगी, झोपू द्या, म्हणले. मीच चिडवायचो — तुझा येशू फॉर्म भरतो का गं, मेडिकलला सीट देतो का? ती म्हणायची, सीट न्हाई देत, सतरंजी देतो.

राग? तिचा कशाला येईल मला राग, बहीण हाय माझी — आला. आला की. दीड वर्ष माझ्या पाठीला टेकली, अन् एका शनिवारात काम संपलं माझं. एकदा बी म्हणली न्हाई, शैलू, बस रे जरा माझ्यापाशी. मी आपला दारातून बघायचो, ती घोरून राहायची. अन् मला झोप न्हाई! सवय लागली व्हती ना. हसा. हसा की.

तुमच्यात पुरतात, आमच्यात बी पुरतात. फरक एवढाच — तुम्ही आडवं ठेवता, आम्ही लिंगायत बसवतो. मांडी घालून, खड्ड्यात आतल्या अंगाला कोनाडा करतात, त्यात. अंग ताठायच्या आधी बसवून घ्यावं लागतं. मांडी मी घातली तिची. या हातांनी. पण मान राहीना. एसटीत डुलकी लागल्यावर माणसाची मान कशी पुढं पडते, तशी पडायची. भिंतीला टेकवलं, कपाळाला फडकं बांधलं, तरी पडायची. मी वरडलो तिच्यावर — सरळ बस की अक्के! सगळ्या लोकांसमोर. लोक म्हणले, दुःखानं वरडून राहिला बिचारा.

दुःखानं न्हाई. — काही न्हाई. जाऊ द्या. काय बघता? … तिसऱ्या दिवशी, इथंच लातूरला दवाखान्यात, सलाईन चालू, अप्पा औषधाला खाली गेलेले. मी एकटाच व्हतो. म्हणली, शैलू, माझं काही झालं तर मला बसवू नका रे. आडवं ठेवा. लई बसले मी. — मी म्हणलं गप, काही व्हत न्हाई. अन् झालं. मग घरी आणल्यावर, अय्या यायच्या आधी, अप्पांनी मला बाजूला घेतलं. हळूच विचारलं, काही म्हणली का रे ती? तिच्या मनात काही व्हतं का? अप्पांनी ऐकलं असतं, पास्टर. सगळ्या भावकीला बाजूला सारून ऐकलं असतं, तसं तोंड व्हतं त्यांचं. अन् तेवढ्यात तुम्ही गेटात दिसले. पांढरा शर्ट, काखेत पुस्तक. मला वाटलं, माझ्याकडनं तिची झोप नेली, आता तिला बी न्यायला आले. अन् मी म्हणलं, न्हाई अप्पा. काहीच म्हणली न्हाई.

काय? फरक पडत न्हाई? ती शांत हाय, देह कसा बी ठेवा? मग मला पडून राह्यलाय की फरक, माझं काय करता? … शेवटच्या दिवशी त्यो येशू सगळ्या मेलेल्यांना उठवणार हाय म्हणता? मग बरंय. अर्धी तर मी उठवूनच ठेवलीय!

हसलो बघा. बारा दिवसांत पहिल्यांदा हसलो, अन् कशावर हसलो. तुम्ही डोळे पुसू नका, तुमची कोण लागत व्हती ती? — अप्पांना सांगू? सांगून मोकळा होऊ? अप्पा दोन घास खाऊन राहिले, कारण त्यांना वाटतंय पोरगी काही न मागता गेली. त्ये बी काढून घेऊ? मला हलकं वाटावं म्हणून? तुम्ही तिला सांगितलं तसंच केलं की मी आत्ता — मोठ्यानं सांगितलं, लाजलो न्हाई, सगळं सांगितलं. मग? छातीवरचं उतरलं का? तिचं उतरलं, शनिवारी जाऊन उतरलं, माझं का…

न्हाई. डोक्यावर हात नको. काढा. हात काढा म्हणलं ना! माझ्यासाठी काही मागू नका त्याच्याकडं. जातो मी. मागं येऊ नका, दारापर्यंत बी न्हाई. उठू नका, पास्टर. बसून राहा. तसंच बसून राहा तिथं.