आई मेथी निवडते, बाबा चरित्र वाचतात

आमचे बाबा रिटायर होऊन कोलार रोडला राहायला आले आणि चक्क इंग्रजी शिकायला बसले. रोज एका शास्त्रज्ञाच्या चरित्राचं एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि आईला मराठीत सांगायचं. आईला इंग्रजीचं अक्षरही येत नाही. ती मेथी निवडत ऐकते.

परवा बाबा म्हणाले, "मग त्यानं नोकरी सोडली आणि दोन वर्षं नुसते प्रयोग केले."

"अन् घर कसं चाललं?"

"ते लिहिलेलं नाही."

"असेल हो. पन्ना पुन्हा पलटा."

बाबांनी चिडून पुस्तक उघडलं. अवघड म्हणून सोडलेल्या एका लांबलचक ओळीत होतं: बायको शिकवण्या घेऊन घर चालवत होती.

काल फोनवर विचारलं, "बाबा, इंग्रजी कसं चाललंय?"

म्हणाले, "छान! वाचतो मी, समजतं तुझ्या आईला."