आवाज न करणारा कॅमेरा

जुना डीएसएलआर विकायचा म्हणतोयस ना? मग आधी माझ्या सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचं ऐक.

मी नवा मिररलेस कॅमेरा घेतला होता. वजनाला निम्मा, फोकस आपणहून डोळ्यांवर जाऊन बसतो आणि आवाज अजिबात नाही. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या हॉलमध्ये सगळ्यांना ओळीत उभं केलं. मधोमध सासरे, म्हणजे नाना, निवृत्त मुख्याध्यापक. माझ्या जुन्या कॅमेऱ्याने त्यांच्यासकट सगळ्यांना दहा वर्षांत एक शिस्त लावलेली. पोट आत घ्यायचं, श्वास रोखायचा आणि 'खटाक' ऐकू आलं की सोडायचा.

मी वीसेक फोटो काढले. नाना लाल व्हायला लागले.

"जावईबापू, फोटो काढताय की नुसतेच बघताय?"

"झाले की काढून!"

"मग तसं कळवायची पद्धत आहे की नाही?"

फोटो पाहिले. फोकस अचूक, पण चेहरे सगळे शोकसभेला आल्यासारखे.

माझा जुना डीएसएलआर मी तिथेच राहणाऱ्या मेहुण्याला दिला होता. बायकोने तो त्याच्या कपाटातून काढला, माझ्या शेजारी उभी राहिली आणि नुसतं बटण दाबलं. आत मेमरी कार्डसुद्धा नव्हतं. खटाक! सगळ्यांनी श्वास सोडला, पोटं सुटली, नाना मनापासून हसले. तेवढ्यात मी मिररलेसवर फोटो घेतला.

आता तो फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. येईल त्याला नाना दाखवतात, "हा जुन्या कॅमेऱ्यातला बरं का. नव्यात एकही धड आला नाही."