बाबांना दिसेल असा टीव्ही

हॅलो?… हॅलो, येतोय का आवाज?… हां, ताईच बोलतेय. अगं, टीव्हीच्या दुकानात उभी आहे मी, बाबांना घेऊन. समोर तीस टीव्ही आणि तिसांवर तोच एक पोपट किंचाळतोय. डोकं भणभणलंय माझं. तू जरा नीट समजावून सांग आणि पटकन सांग. सहा वाजता शाळेवाले गणवेश न्यायला येतील, अजून बारा शर्टांची काजं राहिलीत.

बाबा?… बसलेत ना. सगळ्यात मोठ्याच्या पुढ्यात स्टूल दिलंय त्यांना.

हो, हो… अगं ऐक ना. आधी माझं ऐक! पंचावन्न इंची आपल्या भिंतीवर बसतच नाही. मी चांगला खाकी कागद कापला, पंचावन्न इंच रुंद, आणि टाचण्या मारून भिंतीला लावला. कपाटाचं दारच उघडेना!… काय?… तिरपे? या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत?… असं कोण मोजतं गं! मी गिऱ्हाइकाच्या शर्टाचं माप असं उरेब घेतलं, तर पुन्हा फिरकेल का कोणी?… बरं बरं. मग रुंदी किती?… अठ्ठेचाळीस. अगं बाई, मग बसतोय की!

पुढे सांग. फोर-के म्हणजे काय?… ठिपके?… म्हणजे इंचाला टाके किती, तेच ना? मग असं बोल की शहाणे! टाका बारीक, काम सुबक. आणि जवळ बसलं तरी टाके दिसत नाहीत… हे बरंय. बाबा हल्ली पार नाक लावून बसतात.

छे गं, मॅच कुठली बघतायत! लावतात आणि मध्येच उठून जातात. या डबड्यात चेंडूच दिसत नाही म्हणतात… हो, तेच विचारतेय मी. चेंडू पळाला की मागे शेपूट उठतं, ते कुठल्या टीव्हीत नाही?… किती?… एकशेवीस हर्ट्झ. थांब, लिहिते. खडू आहे, कागद नाही… लिहिलं हातावर.

विचारलं गं, शंभरदा विचारलं. डोळे तपासून घेऊ म्हटलं की खेकसतात. माझे डोळे ठणठणीत आहेत, तुझा टीव्ही आंधळा आहे म्हणतात. मग म्हटलं, घेऊच मोठा. मॅच बघताना पुन्हा आरडाओरडा करू देत, घर घरासारखं तरी वाटेल. नुसते भिंतीकडे तोंड करून बसतात गं, बघवत नाही मला.

एक मिनिट हं, दुकानवाले दादा काहीतरी म्हणतायत… हं… ओएलईडी घ्या म्हणतायत. मागे दिवाच नसतो, ठिपका आपला आपण पेटतो… आणि विझतोही, बरोबर. म्हणून काळं म्हणजे अगदी काळं… आणि साध्या टीव्हीत मागचा दिवा झिरपतो. कळलं, कळलं. काळ्या कापडाला पांढरं अस्तर लावल्यासारखं. दाखवा दादा, बाबांच्या समोरच्यावरच दाखवा.

हां, लावलं बघ. अख्खा पडदा काळा. बंदच केलाय जसा काही! कमाल आहे गं…

बाबा, कसं दिसतंय?…

हॅलो… आहे. आहे मी. थांब जरा.

अगं, बाबा म्हणाले, पोपट काय सुरेख दिसतोय. हिरवा रंग नुसता फुललाय म्हणाले.

नाही गं, पोपट नाहीये! काहीच नाहीये समोर, काळा पडदा आहे… बाजूचे टीव्ही चालू आहेत ना, तो किंचाळतोय… आवाजावरून. हो… पडद्यापासून जेमतेम दोन हातांवर बसलेत गं ते.

मस्करी? बाबा कधी मस्करी करतात?… अगं, गेल्या आठवड्यात निळ्या पँटला काळा दोरा घातला त्यांनी, आणि मी गिऱ्हाइकादेखत ओरडले त्यांच्यावर. ज्यांनी मला सुई धरायला शिकवलं त्यांच्यावर! मान खाली घालून ऐकून घेतलं गं त्यांनी. कसली गाढव मी… नाही, रडत नाहीये. एसी आहे इथे.

नको दादा. पंचाहत्तर इंची पण नको… अहो, नको म्हटलं ना!… माफ करा. तुमच्यावर नाही चिडले.

तू रविवारी नको, उद्याच ये. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी आत्ताच नेते… गणवेश गेले खड्ड्यात!… मोतीबिंदू असेल तर निघेल तरी. नसला तर… नको, तू काही बोलू नकोस आता.

काय बाबा?… ऐकलंत तुम्ही?… हो. काळा होता पडदा… नाही बाबा, पोपट नव्हता त्यावर… नाही हो, रागावले नाहीये. कधीपासून होतंय असं?…

दिवाळीपासून?… नाही? मग पावसाळ्यापासून?… काय?… वर्ष झालं?

ऐकलंस?… वर्ष झालं म्हणतायत. एवढं वर्षभर कापडावर कात्री चालवतायत, नुसत्या बोटांच्या जोरावर… हो, उठलेत. ठेवते गं आता. बाहेर तीन पायऱ्या आहेत. येताना मी पुढे चालत होते, फोन लावत, आणि ते मागून एकटेच चढले. हात धरायचाय त्यांचा. ठेवते.